अकराव्या ओळीत हरवलेला इलेक्ट्रॉन

माझ्या फाईलला कोणी हात लावलेला मला खपत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. कुवेतमधल्या एका विद्यापीठाच्या क्ष-किरण प्रयोगशाळेत मी चौदा वर्षं मशीन चालवते आहे. लोक त्यांचे स्फटिक आणून देतात. मी एकेक स्फटिक केसासारख्या बारीक सुईच्या टोकावर चिकटवते, नायट्रोजनच्या गार झोतात धरते आणि त्यावर क्ष-किरण सोडते. मागच्या पडद्यावर हजारो ठिपके उमटतात, त्यांवरून आत कुठे कोणता अणू बसलाय ते काढून द्यायचं, हे माझं काम. ठिपक्यांवरून अणूंपर्यंत जायला संगणकाला सूचना द्याव्या लागतात. त्या सूचनांची माझी एक फाईल आहे, चाळीस ओळींची. नवा स्फटिक आला की तीच कॉपी करायची, नाव बदलायचं, चालवायची. आमचे प्राध्यापक चारचौघांत सांगायचे, "बाईंच्या डेटात खडा सापडायचा नाही." मी तोंडाने "छे हो" म्हणायचे आणि आतून टम्म फुगायचे.

स्वभावाने मी उतावळी. एका जागी बसणं मला जमत नाही. मशीनला एक स्फटिक नीट मोजायला तीन-तीन दिवस लागतात आणि ते तीन दिवस मी कॉरिडॉरमध्ये येरझारा घालते, कपाटं आवरते, कुणीतरी आवरलेलं कपाट पुन्हा आवरते. घरी नवरा म्हणतो, "तुझ्या पायाला भिंगरी आहे. तुला क्ष-किरण कशाला लागतात, तू नुसती बघितलंस तरी स्फटिक घाबरून सगळं सांगेल." तो बँकेत आयटीत आहे, त्याला वाटतं विनोद फक्त त्यालाच जमतात.

आता जिची ही गोष्ट, ती बाई. माझ्याच वयाची, कुवेती, शाळेत रसायनशास्त्र शिकवणारी, तीन मुलांची आई. अभ्यासरजा काढून डॉक्टरेट करायला आमच्याकडे आली. मला 'उख्ती' म्हणायची, म्हणजे 'माझी बहीण'. वफ्राला त्यांच्या घरची शेती आहे, तिथल्या काकड्या पिशवी भरून आणायची आणि माझ्या टेबलावर ठेवायची. आम्ही इंग्रजी-अरबीची खिचडी बोलायचो आणि एकमेकींना व्यवस्थित कळायचो. सुरुवातीला मला ती जरा हौशी वाटली होती. पण तिने विषय असा निवडला की मीच बघत राहिले.

इथल्या जड तेलात व्हॅनेडियम नावाचा धातू सापडतो. रिफायनरीवाल्यांच्या डोक्याला तो ताप. हिला मात्र त्याचा एक निळा क्षार घेऊन त्यातला एक इलेक्ट्रॉन बघायचा होता. एकच. क्ष-किरण विखुरतात ते इलेक्ट्रॉनांवर. अणूतले बहुतेक इलेक्ट्रॉन आत, केंद्राला बिलगून बसलेले असतात, त्यांच्यात बघण्यासारखं काही नाही. रंग, चुंबकत्व, सगळी करणी बाहेरच्यांची. या निळ्या क्षारात व्हॅनेडियमकडे कुठल्याच बंधात न अडकलेला असा एकच इलेक्ट्रॉन उरतो. बाकी सगळ्यांचा वाटा वजा करून उरलेल्याचा नकाशा काढला, तर त्या एकट्याचा वावर कुठेकुठे आहे ते दिसायला हवं. पुस्तकात त्याचं चित्र असतं, अणूभोवती चार पाकळ्या. मी ते चित्र कॉलेजात असताना सांगलीत वहीत काढलं होतं, पेन्सिलने, मार्कांसाठी. ती म्हणाली, "मी मुलींना फळ्यावर वीस वर्षं त्या पाकळ्या काढून दाखवतेय. एकदा तरी मला त्या मोजून बघायच्या आहेत." मला तिचं हे बोलणं फार आवडलं. आणि खरं सांगू, मलाही बघायच्या होत्याच की! इतकी वर्षं दुसऱ्यांचे अणू मोजतेय, ऑर्बिटल मी कधी पाहिलं नव्हतं.

फेब्रुवारीत पहिला स्फटिक मोजला. काय सुरेख स्फटिक होता, निळाशार, कडा स्वच्छ. तीन दिवसांनी नकाशा काढला आणि आम्ही दोघी पडद्यासमोर खुर्च्या ओढून बसलो. पाकळ्या नव्हत्या. इथे एक खड्डा, तिथे एक टेंगूळ, बाकी सपाट. ती माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणाले, "स्फटिकात खोट असणार." त्यात मला काही वाटलंसुद्धा नाही. डेटा माझा होता, तेव्हा खोट स्फटिकातच असणार.

तिने पुन्हा वाढवला. स्फटिक वाढवणं म्हणजे द्रावण बाटलीत ठेवून आठवडेच्या आठवडे वाट बघणं. बाटलीला धक्का लागला, खोलीचं तापमान दोन अंश हललं, की संपलं. ती शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशीसुद्धा, येऊन बाटल्या बघून जायची. दुसरा सपाट. तिसरा सपाट. मी तिला काय काय ऐकवलं ते आठवलं की आजही मला कसंतरी होतं. "बाटली हलवतेस तू." "घाई करतेस." एकदा तर, देवा, मी म्हणाले, "हाताला सवय लागते गं, सगळ्यांना जमतंच असं नाही." ती मान डोलवायची. तिने मला एकदाही उलट विचारलं नाही की बाई, तुझ्या बाजूचं काय? प्राध्यापकांनीही विचारलं नाही. विचारणार कसे? माझी फाईल मी उघडूच देत नव्हते.

सातवा स्फटिक जूनच्या सुरुवातीला मोजला. तोही सपाट. प्राध्यापक म्हणाले, आता पुरे, हे प्रकरण प्रबंधातून काढून टाका. ते काढलं तर उरतंय काय, हे तिघांनाही माहीत होतं. तिची अभ्यासरजा सप्टेंबरात संपत होती. हे प्रकरण गेलं की डॉक्टरेट गेली आणि ती परत फळ्याकडे. ती म्हणाली, "विचार करते," आणि पर्स उचलून गेली. त्या दिवशी काकड्यांची पिशवी ती टेबलावर ठेवायची विसरली, गाडीत तशीच राहिली म्हणे.

आता ऐका. त्याच सुमारास विभागात एक नवं खूळ आलं होतं. प्रत्येक यंत्राची कार्यपद्धत लिहून काढायची, आणि नुसत्या पायऱ्या नाहीत, प्रत्येक पायरीसमोर एक रकाना, 'का'. मी वैतागले. चौदा वर्षं काम बिनबोभाट चालू आहे आणि आता कुणाला कारणं हवीत! एका रविवारी सकाळी दात-ओठ खात माझी फाईल उघडून लिहायला बसले. पहिली ओळ, का, लिहिलं. दुसरी, लिहिलं. असं करत अकराव्या ओळीवर आले. अकरावी ओळ सांगत होती, मध्याजवळचे ठिपके वगळ.

का?

मला आठवेना. चहा करून आणला, तरी आठवेना. मग आठवलं. जुन्या मशीनवर, सरळ येणारा किरण अडवायला पडद्यापुढे शिशाची एक टिकली असते ना, ती वाकली होती. तिची सावली मध्याजवळच्या ठिपक्यांवर पडायची आणि ते चुकीचे यायचे. नवी टिकली यायला महिने लागणार होते, म्हणून मी ती ओळ घातली, आणि जरा सढळ हातानेच घातली, उगाच एखादा वाईट ठिपका शिरायला नको. पुढे ते मशीन भंगारात गेलं. नवं आलं, त्याची टिकली ठणठणीत. ओळ मात्र फाईलमध्ये तशीच, कॉपी होत होत आली. कुणाचंच काही अडलं नाही, कारण नुसते अणू कुठे आहेत ते काढायला उरलेले हजारो ठिपके पुरतात.

पण बाहेरचा इलेक्ट्रॉन पसरून राहतो. पसरलेल्याचा वाटा फक्त मध्याजवळच्या ठिपक्यांत येतो, लांबच्या ठिपक्यांत त्याचं नावसुद्धा नसतं. म्हणजे ज्या ठिपक्यांत तो एकटा इलेक्ट्रॉन होता, नेमके तेच मी सातही वेळा केरात काढले होते.

मी, एका जागी न बसणारी बाई, अर्धा तास खुर्चीतच बसून होते. मग ती ओळ पुसली आणि पहिल्या स्फटिकाचे जुने ठिपके, फेब्रुवारीतले, पुन्हा चालवले. नकाशा वर आला. चार पाकळ्या. पुसट नाहीत, अंदाजाने बघाव्या लागतील अशा नाहीत. चार, एकमेकींना काटकोनात, मध्ये अणू. अगं बाई! मी तोंडावर हात ठेवला. मला आनंद झाला हो, खोटं कशाला बोलू. इतका झाला की दोन मिनिटं मी बाकी सगळं विसरले. मग आठवलं की हे चित्र फेब्रुवारीपासून याच डिस्कवर पडून होतं.

तिला तिथल्या तिथे फोन करायला हवा होता. केला नाही. मनाशी म्हटलं, आधी सातही तपासते, मग सांगते. मंगळवारपर्यंत सातही झाले. सातही पाकळ्यांचे. तेव्हा म्हटलं, प्राध्यापक रजेवर आहेत, ते आले की दोघांना एकदम सांगू. बुधवारी माझ्या कराराच्या नूतनीकरणाचे कागद सहीला गेले होते. करार नाही तर इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना नाही, इकामा नाही तर इथून चंबूगबाळं आवरा. म्हटलं, सही होऊन येऊ दे. प्रत्येक दिवसाला एक कारण मिळत गेलं. घरात मी तिन्ही त्रिकाळ कपाटं काढून पुसत होते. नवरा म्हणाला, "काय झालंय तुला? इलेक्ट्रॉनचा व्हिसा नाकारला का?" मी त्याच्यावर अशी ओरडले की लेक खोलीतून बाहेर येऊन म्हणाला, "आई, चिल." मला रडू फुटायचंच बाकी होतं.

गुरुवारी सकाळी तिचा फोन आला. आवाज थकलेला. "उख्ती, सहज विचारते. त्या सातांपैकी एकाततरी काही आशा आहे का? अगदी थोडीशी? दुपारच्या आत सांगितलंस तर बरं." दुपारच्या आतच का, ते मी विचारलं नाही. माझ्यासमोर पडद्यावर तिसऱ्या स्फटिकाचा नकाशा उघडा होता, पाकळ्यांसकट. मी म्हणाले, "बघते अजून." ती म्हणाली, "बरं, राहू दे." मी फोन ठेवला आणि कॉरिडॉरच्या टोकापर्यंत जाऊन परत आले, आणि पुन्हा गेले. बाहेर धुळीचं वादळ होतं, खिडकीबाहेरचा पार्किंगचा पत्रासुद्धा दिसत नव्हता.

पुढच्या मंगळवारी ती स्वतः आली. हातात पुठ्ठ्याचं खोकं, त्यात सात बाटल्या, आणि प्रकरण मागे घेत असल्याचं पत्र, खाली सही. खोकं माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली, "हे तुमच्या टाकाऊ रसायनांत ओतून टाक. माझ्याच्याने ओतवत नाही." मग माझा हात हातात घेतला. "तू माझ्यासाठी खूप सोसलंस. सात वेळा मशीन अडवलं मी तुझं. माझ्या हातात कसब नव्हतं, तुझा काही दोष नाही."

मी तिला खांदे धरून खुर्चीत बसवलं आणि पडदा तिच्याकडे वळवला. एक एक करत सातही नकाशे उघडले. ती बघत राहिली. तिने बोट पडद्याजवळ नेलं, पण टेकवलं नाही, पाकळीच्या कडेकडेने हवेतच फिरवलं. मग विचारलं, "हा कुठला?"

"पहिला."

"फेब्रुवारीतला?"

"हो. चूक माझी होती. सातही वेळा. तुझ्या स्फटिकांत काहीच खोट नव्हती." मी वाकलेल्या टिकलीचं, अकराव्या ओळीचं, सगळं भडाभडा सांगून टाकलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त हिजाबचं टोक नीट केलं आणि म्हणाली, "चूक होते. माझ्याही हातून होतात, फळ्यावर रोज होतात. तुला कळलं कधी?"

मला खोटं बोलता आलं असतं. 'आज सकाळी' म्हणाले असते तर तिला कधी कळलं नसतं. "मागच्या आठवड्यातल्या रविवारी," मी म्हणाले.

तिने मनात दिवस मोजले. तिच्या चेहऱ्यावर मला ते दिसलं. "म्हणजे गुरुवारी मी फोन केला, तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

मग तिने सांगितलं. तिची मोठी मुलगी बारावी झाली होती. मुलीला रसायनशास्त्राला जायचं होतं, लहानपणापासून, आईचं बघून. चार महिने आई रोज संध्याकाळी घरी येऊन म्हणत होती, माझ्या हातांना हे जमत नाही. प्रवेशाचा फॉर्म भरायची शेवटची तारीख होती तो गुरुवार, दुपारी दोनपर्यंत. मुलगी रसायनशास्त्रासाठीच अडून बसली होती. आई म्हणाली, थांब, मी एकदा शेवटचं विचारून बघते, थोडी जरी आशा असली तर तुझ्या मनासारखं भर. माझ्याशी बोलून तिने फोन ठेवला आणि मुलीला सांगितलं, माझ्यासारखी वीस वर्षांनी रडत बसू नकोस, व्यवसाय-प्रशासन लिही. मुलीने लिहिलं.



हे सांगून तिने आपलं पत्र उचललं, चार तुकडे केले आणि पर्समध्ये टाकले. प्रबंध बचावला होता, ते आता कोणी काढून घेऊ शकत नव्हतं. दारापाशी थांबून म्हणाली, "प्राध्यापकांना मी सांगेन. माझ्या मुलीला तू सांग. घरी येऊन. मी सांगितलं तर तिला वाटेल, आई तिची समजूत काढतेय."

रजेवरून आल्यावर प्राध्यापकांनी ऐकलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, यापुढे फाईल दोघांनी वाचायची. माझ्या करारावर सहीसुद्धा झाली. त्यावर मला जो राग आला, तो कोणावर काढायचा हे कळेना. निदान कोणी मला झापायला तरी हवं होतं.

ती राहते आमच्याच सलवा भागात, माझ्या घरापासून दहा मिनिटांवर. सात महिने तिच्या काकड्या खाल्ल्या आणि तिच्या घरी एकदाही गेले नव्हते. शुक्रवारी दुपारनंतर गेले. नवरा म्हणाला, मी येतो सोबत. म्हटलं, नको, हे माझं मलाच करू दे. नकाशाची मोठी प्रिंट गुंडाळून बगलेत धरली होती. घामाने ती मऊ पडली.

मुलगी दारातच उभी होती. उंच, केस मागे बांधलेले, आईसारखेच डोळे. बसायच्या खोलीत आई माझ्या शेजारी बसली, मुलगी समोर. छोट्या पेल्यांतून चहा आला. मी प्रिंट गालिच्यावर उलगडली, कोपऱ्यांवर पेले ठेवले आणि इंग्रजीत, अडखळत, पहिल्यापासून सांगितलं. तुझ्या आईने पहिल्याच वेळी बरोबर केलं होतं. तिचे सातही स्फटिक चांगले होते. हा इलेक्ट्रॉन बघ, हा तिने दाखवला. तो चार महिने मी लपवला, न कळत. आणि नऊ दिवस, कळून.

मुलीने प्रिंटवरून नजर काढली नाही. मग अगदी शांतपणे विचारलं, "कळल्यावर तुम्ही का नाही सांगितलंत?"

तिला उगाच गुंडाळायचं नाही असं मी घरून ठरवूनच निघाले होते. "घाबरले," मी म्हणाले. "इतक्या वर्षांत माझी चूक कधी निघाली नव्हती. लोक काय म्हणतील, नोकरी राहील का, याची भीती वाटली. नऊ दिवस मला प्रयोगशाळेत पाऊल टाकायला नको वाटायचं."

ती आईकडे वळली. आईने मान खाली घातली होती. मग मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, रागाने नाही, कोणाला तरी समजावून सांगावं तसं, "आईला तर चार महिने वाटत होतं की चूक तिचीच आहे. तरी ती रोज तिथे जात होती."